फाइल वाचली, पण वाचता येईना : गुरुजींच्या ४३ डिस्कचं प्रकरण

२०२४ च्या आषाढात, पावसाची झड लागलेली असताना, एक मुलगी माझ्या बेळगावच्या शहापुरातल्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर प्लास्टिकची पिशवी दोनदा गुंडाळलेली. डब्यात ४३ डिस्क होत्या : २९ सीडी आणि १४ डीव्हीडी.

"काका, घरचा कॉम्प्युटर गेला. आज्जा म्हणतात, सगळं ह्याच्यात हाय. पण सीडी नुसती फिरायलीय, दिसंना काहीच."

आज्जा म्हणजे खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, जांबोटीच्या पुढच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. अख्खा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही तेच म्हणेन. त्यांचा जन्म १९४३ चा. शाळेत घातलं तेव्हा गाव मुंबई राज्यात होतं, सातवीच्या सुमारास ते म्हैसूर राज्यात गेलं, आणि १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं. गुरुजींनी नोकरी सरकारी मराठी शाळेत केली. शाळेचा कारभार कन्नडात आणि शिकवणं मराठीत, अशी दोन्ही भाषांत त्यांची हयात गेली. २००१ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं : जांबोटी-कणकुंबी भागातल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या. कॅसेटवर रेकॉर्ड करायच्या, वहीत उतरवायच्या, मग संगणकावर टाइप करायच्या. २००५ मध्ये मुलाने बेळगावातून ८० जीबी हार्डडिस्कचा संगणक जोडून दिला, त्यात सीडी लिहिणारा कॉम्बो ड्राइव्ह होता. पुढे २००९ मध्ये डीव्हीडी रायटर बसवला.

गुरुजी शिस्तीचे. दर दोन-चार महिन्यांनी ते "माझे कागद" नावाचं फोल्डर सीडीवर उतरवत, कव्हरवर तारीख आणि विषय लिहीत. बॅकअप हा शब्द त्यांना माहीत होता, त्याचं महत्त्व पटलेलं होतं. आमच्याकडे हार्डडिस्क मेल्यावर रडत येणाऱ्या शंभर जणांत असा एक सापडत नाही. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. निष्काळजी माणसाचं नुकसान कसं होतं हे सांगायला वेगळं लिहावं लागत नाही. इथे काळजी घेणाऱ्या माणसाचं काम जाता जाता राहिलं.

हार्डडिस्क आधी पाहिली. चालू केली की आतून टकटक आवाज, मग गप्प. ती उघडून दुरुस्त करण्याची सोय बेळगावात नाही, मोठ्या शहरात पाठवली तर खर्च फार आणि भरवसा कमी. मुलीला म्हटलं, डब्यातूनच जे निघेल ते काढू.

४३ डिस्कची तपासणी

पहिल्या फेरीत २६ डिस्क पूर्ण वाचल्या गेल्या. राहिल्या १७. त्या १७ सगळ्या एकाच कारणाने बिघडल्या नव्हत्या, आणि कारण ओळखल्याशिवाय हात घालणं धोक्याचं असतं. म्हणून प्रत्येक डिस्क खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरून पाहिली.

सात डिस्कवर बुरशी होती. त्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातलं कापडसुद्धा कोरडं राहत नाही. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, तिथला पाऊस वेगळा सांगायला नको. गुरुजींनी डिस्क मऊ प्लास्टिकच्या पाऊचमध्ये ठेवल्या होत्या. ओल आत गेली की पाऊच डिस्कला चिकटतो आणि बाहेर पडायला वाट नसते. सुदैवाने बुरशी खालच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर होती, आत नव्हती. डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसल्या. गोल गोल पुसू नये, कारण डेटा गोल रेषेत लिहिलेला असतो. आडवा ओरखडा थोडाथोडा डेटा तोडतो आणि तो चुकादुरुस्तीच्या गणिताने भरून निघतो, पण रेषेला धरून गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो. सातपैकी सहा डिस्क धुतल्यावर पूर्ण वाचल्या. सातवीचं पुढे सांगतो.

चार सीडींनी मला सगळ्यात जास्त समाधान दिलं. त्या उघडल्यावर जेमतेम दहा-बारा एमबीच्या फाइल दिसत होत्या. पण सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि लिहिलेल्या भागाचा रंग कोऱ्या भागापेक्षा किंचित वेगळा दिसतो. या चारही सीडी निम्म्याहून जास्त लिहिलेल्या दिसत होत्या. म्हणजे माल आत होता, फक्त पाटी फाटली होती. झालं असं होतं की गुरुजी एकाच सीडीवर तीन-चार वेळा, वेगवेगळ्या सेशनमध्ये लिहीत. नवीन सेशन सुरू करताना जुनं सेशन सोबत जोडून घ्यावं लागतं. ते जोडलं नाही तर नवी अनुक्रमणिका फक्त नव्या फाइलची होते आणि विंडोज तेवढीच दाखवतं. जुन्या फाइल जागेवरच असतात. आयसोबस्टर नावाच्या प्रोग्रामने प्रत्येक सेशन वेगळं उघडलं आणि चारही सीडी पूर्ण मिळाल्या. सेशन वाढवण्याने जागाही जाते : पहिलं सेशन बंद करायला सुमारे २२ एमबी आणि पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३ एमबी. सातशे एमबीच्या सीडीवर काटकसर म्हणून सेशन करावीत, तर ती काटकसरही होत नाही.

तीन सीडींवर कागदी स्टिकर चिकटवलेले होते. छान छापलेले, फुलांच्या किनारीचे. हे मला आधी दिसलं असतं तर गुरुजींना मी हात जोडून थांबवलं असतं. आपण सीडीची खालची चकाकती बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर खुशाल लिहितो, चिकटवतो. पण सीडीत डेटाचा थर वरच्या बाजूलाच असतो. खाली १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक, त्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा परावर्तक थर, आणि त्यावर फक्त लाखेसारखा एक पातळ लेप. खालचा ओरखडा पॉलिश करून घालवता येतो, वरचा थर गेला की गेला. स्टिकरच्या गोंदाने दमट हवेत तो लेप उचलला होता आणि सोबत चांदीही सुटली होती. दिव्यासमोर धरल्यावर आरपार भोकं दिसत होती. डीव्हीडीचं असं नसतं, ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून बनते आणि डेटा मध्ये असतो. तरीही स्टिकर तिच्यावरही नकोच, कारण कागद एका बाजूला ओढतो आणि जोरात फिरताना डिस्क थरथरते.

या तीन सीडींसाठी लिनक्सवर चालणारा डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम वापरला. त्याची रीत मला शहाण्या माणसासारखी वाटते. आधी तो जिथे सहज वाचता येतं तो सगळा भाग उचलतो, अडलेल्या जागा वहीत नोंदवतो आणि मग फक्त त्या जागांवर पुन्हा पुन्हा जातो. नोंदीची फाइल तशीच ठेवून डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तो उरलेलंच काम पुढे नेतो. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या जुन्या कंपन्यांचे ड्राइव्ह आहेत. एकाला न दिसलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे, दुसऱ्याला दिसतात हे मी बऱ्याचदा पाहिलंय. दोन सीडी अशा अर्ध्यामुर्ध्या हाताला लागल्या. तिसऱ्या सीडीतून काही निघालं नाही.

उरलेल्या तीनमधल्या दोन सीडी लिहिताना वीज गेली होती. गुरुजींना आठवत होतं, कारण दोन्ही वेळा त्यांनी कव्हरवर पेन्सिलीने "लाईट गेली" असं लिहिलं होतं. सेशन बंद झालं नाही तर साध्या ड्राइव्हला ती सीडी कोरीच वाटते. एकीतून सगळं मिळालं, दुसरी अगदी सुरुवातीलाच तुटली होती. शेवटची एक सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. तिच्यावर पेनड्राइव्हसारखं ओढून टाकायच्या पद्धतीने लिहिलेलं, ती गुरुजींच्या जुन्या ड्राइव्हमध्येच उघडली. म्हणून मेलेल्या संगणकाचा ड्राइव्ह भंगारात देऊ नये.

हिशेब झाला : ४३ पैकी ३८ पूर्ण, ३ अर्धवट, २ गेल्या. काम संपलं असं वाटून मी मुलीला फोन केला.

अक्षरं

ती आली, मी "ओव्या_अंतिम" नावाची वर्डची फाइल उघडून दाखवली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोपी घातलेले स्वर, पौंडाची खूण, कंस, पुन्हा इंग्रजी अक्षरं. दोनशेच्या वर पानं, आणि मराठीचं एक अक्षर नाही.

तिला वाटलं फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नव्हती, एक बाइटसुद्धा इकडची तिकडे नव्हती. २००५ मध्ये गुरुजींनी ज्या सॉफ्टवेअरवर टाइप केलं त्याचा फाँट युनिकोड नव्हता. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत. त्या काळच्या फाँटची युक्ती अशी : फाइलमध्ये संकेत इंग्रजी अक्षरांचेच साठवायचे, आणि त्या अक्षरांच्या जागी मराठी वळणाच्या आकृत्या दाखवायच्या. फाँट आहे तोवर मराठी, फाँट गेला की खिचडी. बेळगावातल्या गणपत गल्लीपासून कोल्हापूर-पुण्यापर्यंत सगळं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणं, असंच चाले. कन्नडाची तीच गत. गुरुजींची शाळेची जुनी कन्नड पत्रंही तशाच फाँटमधली निघाली.

आणि फाँट कुठे असतो? विंडोजच्या फोल्डरात. "माझे कागद" मध्ये नाही. १८ वर्षं दर दोन-चार महिन्यांनी घेतलेल्या बॅकअपमध्ये फाँट एकदाही आला नव्हता. तो होता फक्त त्या टकटक करणाऱ्या हार्डडिस्कवर.

मराठीत 'वाचणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, जीव वाचतो आणि पुस्तकही वाचतो. या डब्यातल्या फाइल पहिल्या अर्थाने वाचल्या होत्या, दुसऱ्या अर्थाने नव्हत्या. सीडी-डीव्हीडीवर बॅकअप कसा घ्यायचा हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. चांगली डिस्क घ्या, हळू लिहा, दोन प्रती करा. फाँट सोबत घ्या, हे मी कुणालाही सांगितल्याचं मला आठवत नाही. आपल्या भाषेतल्या माणसाला हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. मोफसलातल्या किती शाळांच्या स्मरणिका, किती मंडळांचे अहवाल, किती जणांच्या आत्मकथा आज अशाच सीडीवर शाबूत पडून आहेत आणि कुणालाच उलगडत नाहीत, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

फाँटचं नाव कळणं अवघड नव्हतं. फाँट नसला तरी वर्डच्या फाँटच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. पण नाव कळून भागत नाही, फाइल हवी. ओळखीच्या दोन डीटीपीवाल्यांकडे गेलो. एकाने जुने संगणक कधीच विकले होते. दुसऱ्याकडे त्याच घराण्यातला पुढचा फाँट होता, त्यात जोडाक्षरांच्या जागा बदललेल्या होत्या : 'ज्ञ' च्या ठिकाणी 'श्र' येई.

उत्तर डब्यातच होतं. "गणपती वर्गणी पावती २००८" असं लिहिलेली एक सीडी होती. गावच्या मंडळाचं पावतीपुस्तक छापायला गुरुजींच्या मुलाने ती प्रेसला नेली होती. प्रेसला सीडी द्यायची तर डिझाइनबरोबर फाँटचं फोल्डर द्यायचंच, हा डीटीपीतला जुना रिवाज. नाहीतर प्रेसवाला परत पाठवतो. त्या फोल्डरात दोन फाँट होते, त्यातला एक आपला. बसवला आणि फाइल पुन्हा उघडली. आधी इंग्रजी अक्षरं दिसली, मग क्षणात सगळं पान मराठी झालं. मुलीने तोंडावर हात धरला. मीही दोन मिनिटं काही बोललो नाही.

इथून पुढचा क्रम महत्त्वाचा. पहिलं काम म्हणजे प्रत्येक फाइलची पीडीएफ करणं. पीडीएफच्या पोटात फाँट बसतो, त्यामुळे पान जसं आहे तसं गोठून राहतं आणि पुढे कुठल्याही यंत्रावर तसंच दिसतं. हे झाल्यावर मग युनिकोडमध्ये रूपांतर. आणि रूपांतर वर्डच्या फाइलमधूनच करायचं, मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून नाही. गुरुजींनी मध्ये मध्ये इंग्रजी शब्द आणि आकडे वापरले होते. कुठला तुकडा मराठी फाँटमधला आणि कुठला इंग्रजी, ही माहिती वर्डच्या फाइलमध्ये असते. नोटपॅडमध्ये ती पुसली जाते आणि मग रूपांतर करणारा प्रोग्राम इंग्रजी शब्दांचंही मराठी करून टाकतो.

तरी चुका राहतातच. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डाव्या बाजूला दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं : 'धर्म' लिहिताना जुन्या फाँटमध्ये ध, म आणि मग वरचा रफार. युनिकोडमध्ये ध, मग र, मग म. प्रोग्रामला हे उचलून नीट जागी ठेवावं लागतं, आणि 'मूर्तीची', 'कीर्तीचा' अशा जागी रफार आणि वेलांटी एकत्र आली की तो हमखास चुकतो. पुस्तकी मराठी असती तर स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामने निम्म्या चुका दाखवल्या असत्या. पण ओव्या होत्या कणकुंबीकडच्या बायकांच्या बोलीत, मधूनच कन्नड शब्द, सौंदत्तीच्या यल्लम्माला घातलेली साद. यातला एकेक शब्द कोशवाल्या प्रोग्रामला चूकच वाटणार. तपासायला माणूसच लागणार होता.

गुरुजींना आता जवळचं दिसत नाही. नात इंग्रजी माध्यमात शिकलेली, देवनागरी तिला हिंदीमुळे येते, मराठी ती अडखळत वाचते. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत आज हीच स्थिती आहे, यात तिचा दोष नाही. मग तिने वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. ऑगस्ट-सप्टेंबरचे शनिवार-रविवार ती गावी जाऊन बसली. मी एकदा सोबत गेलो होतो. माडीवर सोप्यात गुरुजी डोळे मिटून बसलेले, ती एकेक ओळ वाचायची. चुकलं की ते हात वर करत. "तिथं तसं नाही. ती म्हातारी असं म्हणत होती." आणि सुरावर ओळ म्हणून दाखवत. तिने ते सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ते रेकॉर्डिंगही आता संग्रहात आहे.

एक अडचण तारखांची आली. त्याच हस्तलिखिताच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या सीडींवर होत्या. सगळ्यात शेवटची कोणती? फाइलच्या तारखा पाहिल्या तर चारांवर एकच, १ जानेवारी २००२. संगणक त्यानंतर तीन वर्षांनी घेतलेला. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीमॉस सेल संपला होता, त्यामुळे संगणक दर वेळी चालू होताना घड्याळ मागे नेत होता. आकाराने मोठी ती शेवटची, हेही खरं निघालं नाही, कारण गुरुजींनी नंतर काही ओव्या दुबार आल्या म्हणून काढल्या होत्या. शेवटी कव्हरवरची त्यांच्या हातची तारीख कामाला आली. सातही आवृत्त्या ठेवल्या, एकही फेकली नाही.

नवा बॅकअप

एकाच फोल्डरच्या एकोणीस प्रती बाजूला काढल्यावर सगळं मिळून १७ जीबी भरलं. गुरुजींचा मुलगा म्हणाला, आता पुन्हा डिस्क कशाला, पेनड्राइव्हवर द्या. त्याचं म्हणणं चूक नाही, आणि एक प्रत आम्ही बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलीच. पण डिस्कचा एक गुण दुसऱ्या कशात नाही : एकदा लिहून बंद केलेली डीव्हीडी-आर कुणी चुकून पुसू शकत नाही, आणि व्हायरसही तिच्यात हात घालू शकत नाही. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर त्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. आणि पेनड्राइव्ह घरात सगळे वापरतात. लग्नाचे फोटो न्यायला म्हणून कुणीतरी तो मोकळा करतो. मी हे तीनदा पाहिलं आहे.

ब्लू-रे का नाही? २५ जीबीच्या एका चकतीवर सगळं मावलं असतं. पण ती वाचणारा ड्राइव्ह आमच्या भागात कुणाकडे नाही, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे तो निर्णय आता अधिकच बरोबर वाटतो. जी डिस्क वाचायला ड्राइव्ह शोधावा लागेल ती घेऊन ठेवण्यात अर्थ नव्हता. डीव्हीडीचा यूएसबी ड्राइव्ह अजून सहज मिळतो. एक नवा घेऊन डिस्कबरोबरच ठेवला.

डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं, कारण मोजण्याची रीत वेगळी. आम्ही प्रत्येक डिस्क साडेतीन जीबीच्या आसपासच भरली. बाहेरची कड हातात येते, तिथेच ओल आधी शिरते आणि चुका तिथेच जास्त निघतात. लिहिण्याचा वेग १६ पट चालत असला तरी ८ पटच ठेवला. एका डिस्कला दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ द्यावा. यूपीएसशिवाय एकही लिहिली नाही. सेशन एकच, आणि शेवटी डिस्क बंद.

फाइलच्या नावांसाठी मी आग्रह धरला की ती इंग्रजीत आणि तारखेपासून सुरू होणारी असावीत. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण कारण वेगळं. डिस्कवर नावं नोंदवण्याच्या जोलिएट पद्धतीत एका नावाला ६४ संकेत मिळतात. आपल्याला 'श्रीक्षेत्र' ही तीन अक्षरं वाटतात. युनिकोडच्या हिशेबात ते श, हलंत, र, दीर्घ वेलांटी असे एकूण ११ संकेत होतात. पाच-सहा शब्दांचं मराठी नाव मध्येच कापलं जातं आणि दोन फाइलची नावं सारखी होऊन बसतात. मराठी नावं हवीत ती यादीच्या फाइलमध्ये लिहिली. ती यादी प्रत्येक डिस्कवर आहे आणि छापूनही डब्यात ठेवली आहे.

प्रत्येक लेखन तीन रूपांत ठेवलं : मूळ वर्ड फाइल, फाँट पोटात असलेली पीडीएफ, आणि युनिकोडमधला साधा मजकूर. आणि प्रत्येक डिस्कवर, अगदी फोटोंच्या डिस्कवरसुद्धा, फाँटचं फोल्डर. काही केबींचा तो ऐवज आहे. तो सापडायला केवढी खटपट लागली होती.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून तोही डिस्कवर लिहिला. ठसा म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा. एक बाइट बदलला तरी आकडा पार बदलतो. डिस्क लिहून झाल्यावर तिच्यावरून ठसे पुन्हा काढून जुळवले, आणि तेही लिहिणाऱ्या ड्राइव्हवर नाही, दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हवर. स्वतः लिहिलेलं स्वतःला कळतंच, दुसऱ्याला कळतंय का हे पाहायचं असतं.

पाच डिस्कचे असे तीन संच केले. एक गावी, पाऊचऐवजी कडक प्लास्टिकच्या केसमध्ये उभा ठेवलेला, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. एक नातीकडे बेळगावात. तिसरा गुरुजींच्या लेकीकडे कागलला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या होत्या हे जिल्ह्यातल्या कुणालाही आठवतं. एका पावसाने तिन्ही घरं सापडू नयेत एवढं अंतर हवं होतं. डिस्कवर लिहायचं ते फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या पेनने, तेही क्रमांकापुरतं.

खंडेनवमी

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. दुकानातले स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न, संगणक, सगळ्यांना झेंडूची फुलं. पाऊस नुकताच सरलेला असतो, म्हणून डिस्क तपासायला हा दिवस मी सांगितला. फुलं वाहायच्या आधी तिन्ही घरी डिस्क ड्राइव्हमध्ये घालून ठसे जुळवायचे. जुळले नाहीत तर दुसऱ्या संचावरून नवी डिस्क करायची.

२०२५ च्या खंडेनवमीला नातीचा फोन आला. १५ पैकी १५ जुळल्या. गावच्या संचातल्या एका केसमध्ये सिलिका जेल ओलं होऊन गुलाबी झालं होतं, ते बदललं. तिने सहावी डिस्कही तयार केली आहे, मोबाइलवरच्या गुरुजींच्या आवाजाची, फाँटच्या फोल्डरासकट.

राहिली ती धुऊनही पूर्ण न वाचली गेलेली सातवी डिस्क. तिच्या कव्हरवर "कणकुंबी २" आहे. कॅसेटवरून उतरवलेला आवाज आहे, मूळ कॅसेट उंदरांनी खाल्ली. तीन ड्राइव्हवर मिळून सत्तर टक्क्यांच्या आसपास सेक्टर आले. एमपी३ ची फाइल असल्यामुळे मधल्या रिकाम्या जागा गिळून ती पुढे वाजते. एका बाईचा आवाज, जात्याची घरघर, मग काही सेकंद नुसती शांतता, मग ओळीच्या मधूनच पुन्हा आवाज. गुरुजींनी नातीच्या मोबाइलवर ती ऐकली आणि गेलेल्या ओळींतल्या दोन आठवून सांगितल्या. बाकीच्या त्यांना आठवत नाहीत. डिस्क माझ्याकडे कपाटात वेगळ्या केसमध्ये आहे. कुणाकडे एखादा जुना ड्राइव्ह निघाला की ती पहिल्यांदा त्यात घालून पाहतो. आतापर्यंत चौथ्या ड्राइव्हने आणखी अकरा सेक्टर दिले आहेत.